पाठभेद आणि तिकीटविक्री : ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाच्या निमित्ताने

१

रॉक संगीताच्या क्षेत्रात कोणत्या वाद्यवृंदाच्या जलशांची तिकिटे अधिक खपतात आणि ती का खपतात, हा प्रश्न सामान्यतः व्यापाराच्या कक्षेतील मानला जातो. भाषेच्या किंवा वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काही नाही, अशीच बहुतेकांची समजूत असते. जो वाद्यवृंद लोकप्रिय त्याची तिकिटे अधिक, आणि लोकप्रियतेचे माप म्हणजे ध्वनिमुद्रिकांचा खप, इतके सांगितले की प्रश्न मिटला असे वाटते. परंतु ध्वनिमुद्रिकांच्या खपाची यादी आणि तिकिटांच्या खपाची यादी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर हे समीकरण फार वेळ टिकत नाही. बीटल्स या वाद्यवृंदाने २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील कॅन्डलस्टिक पार्कमध्ये आपला अखेरचा तिकीट लावलेला जलसा केला. त्यानंतर त्यांनी एकही तिकीट विकले नाही. आणि त्यांच्या सर्वाधिक गौरविल्या गेलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी काही त्यानंतरच्याच आहेत. येथे खप आहे, तिकीट नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण त्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील आहे. १९६५ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे उदयास आलेला ‘ग्रेटफुल डेड’ हा वाद्यवृंद १९९५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, गात-वाजवत राहिला. या अवधीत त्याने सुमारे २३०० जलसे केले. अमेरिकेतील गीतांच्या साप्ताहिक क्रमवारीत त्याचे केवळ एकच गीत पहिल्या दहांत आले : ‘टच ऑफ ग्रे’, १९८७ साली, नवव्या स्थानी. तोवर वाद्यवृंदाचे वय बावीस वर्षांचे झाले होते. असे असूनही १९९० नंतरच्या वर्षांत जलशांच्या उत्पन्नाच्या दृष्टीने अमेरिकेतील अग्रगण्य वाद्यवृंदांत त्याची गणना होत असे. खप थोडा आणि तिकिटे अफाट, अशी ही स्थिती. व्यापाराच्या भाषेत तिचा उलगडा कितपत होतो, आणि जेथे तो होत नाही तेथे कोणत्या शास्त्राकडे वळावे लागते, हा या विवेचनाचा विषय होय.

२

अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा विचार केला नाही असे नव्हे. उलट इतरांपेक्षा तो त्यांनीच अधिक नेटाने केला आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात मिसेस बिलिंग्टन या गायिकेचे उदाहरण दिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या बाईंनी एका हंगामात दहा हजार पौंड मिळविले असे सांगत. आणि मनुष्याचा आवाज जितक्या माणसांपर्यंत पोहोचू शकतो त्या संख्येला जोवर मर्यादा आहे, तोवर कोणी गायक याच्या फार पुढे जाईल असे मार्शल यांना संभवनीय वाटत नव्हते. ध्वनिवर्धकाने ही मर्यादा उठविली. शेर्विन रोझेन यांनी १९८१ साली हाच धागा पुढे नेऊन असे दाखविले की, एकच कलाकृती पुष्कळांपर्यंत पोहोचविण्याचा खर्च कमी झाला म्हणजे गुणांतील अल्प अंतराचेही उत्पन्नात प्रचंड अंतर होते. किंचित उणे असलेल्या गायकाकडे जाण्याचे श्रोत्याला मग कारणच उरत नाही.

प्रिन्स्टन विद्यापीठातील ॲलन क्रूगर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा सिद्धान्त रॉक जलशांना लावून पाहिला. १९८२ साली जलशांच्या एकूण उत्पन्नापैकी २६ टक्के उत्पन्न वरच्या एक टक्का कलावंतांच्या वाट्याला जात असे. २००३ साली हे प्रमाण ५६ टक्क्यांवर गेले, असे त्यांना आढळले. तिकिटांचे दर १९९६ नंतर एकाएकी का चढले याचेही त्यांनी एक कारण सुचविले. डेव्हिड बोवी यांनी २००२ मध्ये असे भाकीत केले होते की, यापुढे संगीत नळाच्या पाण्यासारखे घरोघर वाहू लागेल आणि कलावंतांना जलशांवरच अवलंबून राहावे लागेल. क्रूगर यांनी त्याला सिद्धान्ताचे रूप दिले : पूर्वी ध्वनिमुद्रिकेचा खप वाढावा म्हणून तिकीट स्वस्त ठेवले जाई, मुद्रिका फुकट मिळू लागल्यावर तसे करण्याचे प्रयोजन राहिले नाही.

हे विवेचन मोलाचे आहे. परंतु ते एका निराळ्याच प्रश्नाचे उत्तर देते. थोड्यांना फार का मिळते हे त्यातून समजते; त्या थोड्यांत हेच का आणि ते का नाहीत, हे समजत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी क्रूगर यांना ‘तारकापणा’ मोजावा लागला, आणि तो त्यांनी ज्या रीतीने मोजला ती विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. रॉक संगीताच्या एका प्रसिद्ध कोशात प्रत्येक कलावंताच्या नोंदीने किती मिलिमीटर जागा व्यापली आहे, हे त्यांनी प्रमाण मानले. या पट्टीने मोजलेल्या लांबीची पुष्कळांनी थट्टा केली असती; ती करण्याचे कारण नाही. माप सदोष नाही. मात्र ज्याचे ते माप आहे असे सांगितले जाते, त्याचे ते नव्हे. कोशातील नोंदीची लांबी ही गुणांची लांबी नसते. त्या कलावंताविषयी लोकांना बोलण्यासारखे किती आहे, याची ती लांबी असते. अर्थशास्त्रज्ञाने हाती पट्टी घेऊन नकळत एक भाषिक परिमाणच मोजले होते.

मोशे ॲडलर यांनी १९८५ साली मांडलेला विचार या दृष्टीने अधिक जवळचा आहे. त्यांच्या मते कलेची गोडी ज्ञानाबरोबर वाढते, आणि हे ज्ञान ऐकण्याने जसे मिळते तसे इतरांशी बोलण्यानेही मिळते. म्हणून सर्वजण ज्याच्याविषयी बोलतात त्याच्याचकडे प्रत्येकाने जाणे लाभाचे ठरते. गुणांत काडीचेही अंतर नसताना एकजण तारका होतो आणि दुसरा होत नाही, हे या विचाराने स्पष्ट होते. ॲडलर यांची अडचण एवढीच की, लोक कशाविषयी बोलतात याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. बोलणे झाले म्हणजे पुरे. वस्तुतः सर्वच वस्तू सारख्या प्रमाणात बोलण्याजोग्या नसतात. काही रचनांविषयी एकदा बोलून झाले की विषय संपतो. काहींच्या ठिकाणी तो संपतच नाही. हा भेद त्या रचनेच्या घटनेतच असतो, आणि तेथे अर्थशास्त्राची सीमा येते.

३

‘ग्रेटफुल डेड’ हे नावच अभ्यासकाला ओळखीचे वाटावे असे आहे. वाद्यवृंदाचा प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया याने ते एका शब्दकोशातून उचलले, असे सांगितले जाते. आणि कोशात ते होते याचे कारण ती लोककथाशास्त्रातील एक संज्ञा आहे. ऋणामुळे ज्याच्या प्रेताला मूठमाती मिळत नाही अशा अनोळखी माणसाचे ऋण एक वाटसरू फेडतो, आणि तो कृतज्ञ मृत पुढे प्रवासात त्याच्या साह्यास येतो, असा हा कथाबंध. जेरूल्ड यांनी १९०८ साली त्याच्या अनेक भाषांतील पाठांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्टिथ थॉम्प्सन यांच्या कल्पनाबंधसूचीत त्याला ई ३४१ हा क्रमांक आहे. ज्याची मूळ संहिता कोणालाच दाखविता येत नाही, जे केवळ आपल्या पाठभेदांतच अस्तित्वात असते, अशा कथेचे नाव या वाद्यवृंदाने घेतले हा योगायोगच. पण तो अर्थपूर्ण योगायोग आहे.

कारण या वाद्यवृंदाच्या गीतांचेही तसेच आहे. ‘डार्क स्टार’ हे गीत १९६८ साली ध्वनिमुद्रिकेवर आले तेव्हा त्याची लांबी तीन मिनिटांपेक्षाही कमी होती. ते कोणाच्या फारसे ध्यानात राहिले नाही. १९६९ च्या ‘लाइव्ह डेड’ या जलशांतील ध्वनिमुद्रणांच्या संग्रहात तेच गीत तेवीस मिनिटांचे झाले आहे. यांपैकी मूळ कोणते? छापील शब्द रॉबर्ट हंटर यांचे, आणि ते थोडे; सुरावटही साधी. गीताचे बाकीचे सर्व अंग त्या त्या रात्री घडत असे, आणि दुसऱ्या रात्री तसेच घडेल याची शाश्वती वाद्यवृंदालाही नसे. मिल्मन पॅरी आणि ॲल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातील मौखिक गायकांविषयी जे दाखवून दिले, आणि लॉर्ड यांच्या ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) या ग्रंथामुळे जे सर्वत्र माहीत झाले, त्याचे येथे स्मरण होणे स्वाभाविक आहे : गायक पाठ केलेले म्हणत नाही, तो गाताना रचतो. फरक इतकाच की, तेथील गायक आपण शब्दशः तेच गायलो असे प्रामाणिकपणे सांगत. येथे मात्र प्रत्येक वेळी निराळे व्हावे हीच गाणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याचीही अपेक्षा असे.

जलशाची बांधणीही याच तत्त्वावर होती. गीतांचा क्रम आधी जाहीर होत नसे, आणि लागोपाठच्या दोन रात्री तोच क्रम येत नसे. पहिल्या भागात सुटी गीते. दुसऱ्या भागात एका गीतातून दुसऱ्यात न थांबता प्रवेश, आणि १९७८ पासून या भागाच्या मध्यावर केवळ तालवाद्यांचा व त्यानंतर गिटारांच्या मुक्त ध्वनींचा खंड नियमाने येऊ लागला. कोणत्या गीतातून कोणत्या गीतात जाता येते, याविषयी श्रोत्यांच्या मनात कालांतराने एक व्याकरणच तयार झाले. काही जोड्या रूढ झाल्या. त्या मोडल्या गेल्या की तीही बातमी होई. श्रोते आपल्या वह्यांत प्रत्येक जलशाचा गीतक्रम लिहून ठेवीत आणि न थांबता झालेल्या संक्रमणासाठी बाणाची खूण करीत. या नोंदींचे संकलन ‘डेडबेस’ या नावाने १९८७ पासून ग्रंथरूपाने निघू लागले. कोणत्या तारखेला, कोठे, काय आणि कशानंतर, एवढीच माहिती देणारे हे जाडजूड ग्रंथ लोकांनी विकत घेऊन वाचले. पाठचिकित्सेला इतका उत्साही वाचकवर्ग क्वचितच लाभला असेल!

यातून जो समाज निर्माण झाला त्याला भाषाशास्त्राच्या परिभाषेत भाषिक समाज म्हणण्यास प्रत्यवाय नाही. त्याची स्वतःची शब्दसंपत्ती होती. तारीख हे त्यात विशेषनाम झाले होते : ‘पाच-आठ-सत्याहत्तर’ एवढे म्हटले की ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला जलसा, हे सांगावे लागत नसे. (याच जलशाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पुढे राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत समाविष्ट केले.) ‘मिरॅकल’ म्हणजे अनोळखी माणसाकडून दाराशी फुकट मिळालेले तिकीट. या श्रोत्यांना ‘डेडहेड’ म्हणत. आणि हा शब्द मोठा गमतीचा आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन बोलीत ‘डेडहेड’ म्हणजे तिकीट न काढता नाटकाला बसणारा फुकट्या. जो समाज पुढे तिकिटांवर सर्वांत अधिक पैसा खर्च करू लागला, त्याच्या वाट्याला नेमका हाच शब्द यावा, ही अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी गोष्ट आहे.

आता तिकिटांच्या संख्येकडे वळता येईल. विकल्या गेलेल्या तिकिटांची संख्या हा एक गुणाकार असतो : किती माणसे आली, आणि प्रत्येक माणूस किती वेळा आला. क्रमवाऱ्या आणि कोष्टके हा गुणाकार फोडून दाखवीत नाहीत. म्हणून दोन सर्वस्वी भिन्न घटना त्यांत एकाच आकड्याखाली झाकल्या जातात. ‘यू-टू’ या आयरिश वाद्यवृंदाने २००९ ते २०११ या काळात ११० जलशांत सत्तर लाखांहून अधिक तिकिटे विकली. म्हणजे एका जलशाला साठ हजारांहून अधिक माणसे. तेथे पहिला गुणक मोठा आहे. ‘ग्रेटफुल डेड’च्या बाबतीत दुसरा गुणक मोठा होता. तोच माणूस एका हंगामात पाच वेळा, दहा वेळा येई, गावोगाव वाद्यवृंदामागून जाई, आणि त्याचे हे वर्तन वेडगळ नव्हते. जे आधीच माहीत आहे ते पुन्हा सांगितल्याने माहितीत भर पडत नाही; जेथे पुढे काय येईल याविषयी अनेक शक्यता खुल्या असतात, तेथे प्रत्येक प्रसंग काही नवे सांगतो. ध्वनिमुद्रिकेची हुबेहूब नक्कल करणाऱ्या जलशाला दुसऱ्यांदा जाण्याचे प्रयोजन कमी; पाठभेद देणाऱ्या जलशाला न गेल्याची हळहळ.

वाद्यवृंदाच्या व्यवहारनीतीने याला हातभार लावला हे खरे. १९७१ च्या एका ध्वनिमुद्रिकेवर श्रोत्यांना पत्ते कळविण्याचे आवाहन छापले गेले आणि त्यातून टपालाची यादी सिद्ध झाली. १९८३ पासून तिकिटांचा मोठा भाग वाद्यवृंदाचीच कचेरी टपालाने विकू लागली. श्रोते चित्रे काढून सजविलेल्या पाकिटांतून मागणी पाठवीत. ऑक्टोबर १९८४ पासून तर जलसा ध्वनिमुद्रित करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागा राखली जाऊ लागली. आपला माल फुकट वाटण्याचा हा प्रकार त्या काळच्या व्यापाऱ्यांना आत्मघातकी वाटला असल्यास नवल नाही. तथापि फिती नफ्यासाठी विकावयाच्या नाहीत एवढाच त्यात दंडक होता, आणि हातोहात फिरणाऱ्या त्या फितींनीच नवागताला या समाजाची भाषा शिकविली. बोवी यांनी २००२ मध्ये जे भविष्य म्हणून सांगितले, ते या वाद्यवृंदाने अठरा वर्षे आधी नियम म्हणून लावून टाकले होते.

४

या उपपत्तीवर एक आक्षेप तात्काळ येईल, आणि तो बळकट आहे. उपज हेच जर तिकिटांचे रहस्य असेल, तर जाझचे वादक लहान लहान खोल्यांत का वाजवितात? त्यांच्या उपजेपुढे ‘ग्रेटफुल डेड’ची उपज पुष्कळदा विस्कळीत आणि भोंगळ वाटते, हे त्या वाद्यवृंदाच्या चाहत्यांनीही नाकारू नये. उत्तर असे की, पाठभेद ऐकू येण्यासाठी पाठ माहीत असावा लागतो. जाझच्या वादकांनी ज्या गीतांवर विस्तार केला ती एके काळी नाटकांतून आणि चित्रपटांतून घरोघर पोहोचलेली गीते होती. ती लोकांच्या ओठांवरून गेली, आणि नव्या श्रोत्याच्या कानी फक्त विस्तार उरला. स्थिर बाजू हरवली की चल बाजूचा अर्थ लागत नाही. ‘ग्रेटफुल डेड’ची गीते बांधणीने साधी, बरीचशी अमेरिकन ग्रामीण गीतांच्या वळणाची आहेत, एकदोनदा ऐकली की सर्वांना म्हणता येतात. ही साधी चौकट हजारो श्रोत्यांच्या मनात पक्की असल्यामुळेच तिच्यापासून होणारे प्रत्येक स्खलन त्यांना जाणवे. बंदिश सर्वांची आणि विस्तार आजचा, ही व्यवस्था ख्यालाच्या श्रोत्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

हे केवळ दुरून दिसणारे साम्य नव्हे. वाद्यवृंदाचा एक तालवादक मिकी हार्ट याच्यावर अल्लारखाँ यांच्या तबल्याचा संस्कार झाला होता, आणि ‘लाइव्ह डेड’ या संग्रहातील ‘द इलेव्हन’ ही रचना अकरा मात्रांत बांधलेली आहे. पुढे अल्लारखाँ यांचे मुंबईत जन्मलेले पुत्र झाकीर हुसेन यांच्याबरोबर हार्ट याने १९७६ मध्ये ‘दिगा’ आणि १९९१ मध्ये ‘प्लॅनेट ड्रम’ या ध्वनिमुद्रिका केल्या. प्रभावाचा हा मार्ग फार ताणू नये. परंतु आवर्तनाच्या ठाम चौकटीत मोकळे राहण्याची जी कला, ती या वाद्यवृंदाने कोठून कोठून गोळा केली याचा एक दुवा मुंबईपर्यंत येतो.

उपपत्तीची दुसरी कसोटी भूगोलाची. भाषिक समाजाला सीमा असतात. तशा त्या येथेही दिसाव्यात. आणि त्या दिसतात. हा वाद्यवृंद १९७२, १९७४, १९८१ आणि १९९० साली युरोपात गेला, १९७८ च्या सप्टेंबरात इजिप्तमध्ये गिझाच्या पिरॅमिडांच्या पायथ्याशी वाजवून आला. पण त्याची तिकिटे खपली ती मुख्यतः उत्तर अमेरिकेत. भारतात तो कधीच आला नाही. स्थिर संहिता मात्र कोठेही जाते. ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणात तीन जलसे केले. त्यांची तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाली तेव्हा एक कोटीहून अधिक लोक एकाच वेळी रांगेत लागले आणि विक्रीची यंत्रणा कोलमडली. पुढे अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतच्या या तिकिटांच्या काळ्या बाजाराची चर्चा वृत्तपत्रांतून आठवडे चालली. या वाद्यवृंदाने त्याआधी मुंबईत वाजविले होते ते २०१६ च्या नोव्हेंबरात. दुर्मिळता, सर्वांना ठाऊक असलेली दहा-पंधरा गीते, आणि मनगटावरील दिव्यांच्या पट्ट्यांनी सर्वांना एकाच चित्रात गोवणारी योजना : येथे श्रोता काही नवे ऐकण्यासाठी जात नाही, आजवर एकट्याने ऐकलेले चाळीस-पन्नास हजारांसमवेत ऐकण्यासाठी जातो. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला नाटक पाठ असे, तरी तो पदासाठी पुन्हा तिकीट काढी आणि ‘वन्समोअर’ मागे. त्याचा आनंद या जातीचा होता असे प्रथमदर्शनी वाटते. पण ‘वन्समोअर’ घेताना गायक नट तेच पद नव्या रीतीने फुलवीत असे, हे विसरता येत नाही. तो प्रेक्षक दोहोंच्या मध्ये कोठे तरी उभा होता.

५

‘टच ऑफ ग्रे’ हे गीत गाजले आणि सर्व चित्र बदलले. १९८७ नंतर जे हजारो नवे श्रोते आले त्यांतील पुष्कळांना ती भाषा येत नव्हती, आणि शिकण्याइतका वेळही नव्हता. ते गर्दी पाहण्यासाठी येत, आणि त्यामुळे गर्दी वाढे. प्रेक्षागृहांबाहेर बिनतिकिटी लोकांचे तळ पडू लागले. तिकीट नसेल तर येऊ नका, अशी विनवणी वाद्यवृंदाला स्वतःच करावी लागली. तिकिटे विकण्याचा प्रश्न कोणालाही पडेल, पण लोकांना येऊ नका असे सांगण्याचा प्रश्न फार थोड्यांना पडतो. २ जुलै १९९५ रोजी इंडियाना राज्यातील डीअर क्रीक येथे जमावाने कुंपण मोडले आणि दुसऱ्या दिवशीचा जलसा रद्द करावा लागला. त्यानंतर वाद्यवृंदाच्या सदस्यांनी श्रोत्यांना उद्देशून सह्यांचे पत्र काढले. ९ जुलै रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डमध्ये अखेरचा जलसा झाला. ९ ऑगस्टला गार्सिया निवर्तला.

तिकिटांच्या संख्येवरून गुणवत्तेचा निर्णय करू पाहणाऱ्यांनी ही शेवटची वर्षे नीट ऐकावीत. गार्सियाची प्रकृती ढासळली होती. शब्द विसरले जात होते, संक्रमणे अडखळत होती, आणि कित्येक रात्री सारे वादन केवळ सवयीवर चाललेले ऐकू येते. तिकिटे मात्र कधी नव्हत तितकी जात होती. यावरून उपर्युक्त उपपत्ती पडते असे नाही. परंतु तिला मर्यादा घालावी लागते. पाठभेदांनी समाज घडतो. समाज एकदा घडला की तो काही काळ पाठभेदांवाचूनही तिकिटे घेत राहतो, जसे एखाद्या संप्रदायाचे अनुयायी मूळ अनुभव क्षीण झाल्यावरही वारी सोडीत नाहीत. १९७७ चे तिकीट आणि १९९४ चे तिकीट ही कोष्टकात एकच वस्तू आहेत. समीक्षेला त्या दोन वस्तू म्हणून पाहता आल्या नाहीत, तर समीक्षेचे कामच उरत नाही. क्रूगर यांच्या पट्टीला हा भेद दिसणार नाही. श्रोत्यांच्या फितींना तो दिसतो, कारण त्या दोन्ही रात्री त्यांच्यापाशी आहेत.

पाठभेदाचे तत्त्व व्यक्तीवाचून चालते काय, हा प्रश्न त्यानंतरच्या तीस वर्षांनी सोडवीत आणला आहे. ‘फिश’ या वाद्यवृंदाचे एकही गीत कधी क्रमवारीत गाजले नाही. तरी २०१७ च्या उन्हाळ्यात त्याने न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा रात्री जलसे केले आणि त्या तेरा रात्रींत एकही गीत दुसऱ्यांदा गायले नाही. ‘ग्रेटफुल डेड’च्या हयात सदस्यांनी जुलै २०१५ मध्ये त्याच सोल्जर फील्डमध्ये तीन रात्री निरोपाचे जलसे केले तेव्हा प्रत्येक रात्री सुमारे सत्तर हजार श्रोते आले, त्या वेळीही टपालाने मागणी करण्याची जुनी रीत मुद्दाम चालू ठेवली होती, आणि चित्रांनी भरलेली पाकिटे पूर्ववत आली. याच वर्षी सुरू झालेल्या ‘डेड अँड कंपनी’ या वाद्यवृंदात गार्सियाच्या जागी त्याच्याहून पस्तीस वर्षांनी लहान असलेला जॉन मेयर गिटार घेऊन उभा राहिला. मेयर स्वतः स्थिर, सुबक आणि गाजलेल्या गीतांचा गायक. त्याला ही बोली प्रौढ वयात शिकावी लागली, आणि ती त्याने बऱ्यापैकी आत्मसात केली, उच्चारात परकेपणाची छटा ठेवून.

२०२४ साली या वाद्यवृंदाने लास व्हेगास येथील ‘स्फिअर’ या गोलाकार नाट्यगृहात तीस जलसे केले. तेथे छतासह सर्व बाजूंनी पसरलेल्या पडद्यावर दाखवावयाची चित्रे महिनोन् महिने आधी सिद्ध करावी लागतात. म्हणजे स्थिर संहितेलाच सर्वस्वी अनुकूल अशी ही वास्तू. तरीही गीतांचा क्रम रोज बदलत राहिला आणि चित्रे त्यामागून जुळवून घ्यावी लागली. श्रोत्यांच्या याद्यांत त्या तीसही रात्री, बाणांसह, नोंदलेल्या आहेत.